जीपच्या नळ्यांना बांधलेली पट्टी

आमच्या ह्यांचा पाय भाजला ते त्यांना कळलं नाही, मला कळलं. संध्याकाळी रानातून येऊन ते ओट्यावर पाय पसरून बसले होते. मी चहा घेऊन बाहेर आले, तर उजव्या टाचेखाली बंद्या रुपयाएवढी जागा सोललेली. वरची कातडी निघून आतलं लाल मांस दिसत होतं. "अहो, हे काय?" मी ओरडलेच. ह्यांनी पाय उचलून, वाकडा करून असा पाहिला, जणू शेजाऱ्याचाच पाय आहे. "मला तर काय जाणवलं न्हाय," ते म्हणाले आणि चहासाठी हात पुढे केला. जखमेपेक्षा मला त्या वाक्याचीच जास्त भीती वाटली.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. ह्यांना अनवाणी गाडी चालवायची सवय. साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी, जन्मभर पायात जाड बूट. निवृत्त झाल्यावर बुटांशी जे वैर धरलं ते धरलंच. जीपमध्ये चढताना चपलासुद्धा काढून बाजूच्या सीटखाली टाकायच्या. आमच्याकडे अशी माणसं गावोगाव सापडतील. अनवाणी पायाला पेडल नीट कळतं, असं त्यांचं म्हणणं.

आणि जीप होती जुनी. मागच्या दिवाळीच्या सुमाराला तिचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारा बिडाचा भाग, तडकला. तसा दुसरा मिळेना. मग इंदापूर रस्त्यावरच्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी चार नळ्या वाकवून, पुढे त्या एकात जोडून नवा हेडर बनवून दिला. जीप पूर्वीपेक्षा झकास पळायला लागली. फक्त त्या नळ्या ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्याच्या फार जवळून गेल्या होत्या आणि पत्रा तव्यासारखा तापत होता. मी बसायची डावीकडे, त्यामुळे मला पत्ता नाही. ज्यांना पत्ता लागायला हवा होता, त्यांची ही तऱ्हा.

बारामतीच्या डॉक्टरांनी ह्यांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक बारीक दोरा तळपायाला जागोजागी टेकवून विचारलं, "कळतंय?" हे आपले "व्हय, व्हय" म्हणत होते. डॉक्टरांनी दोरा टेकवलाच नव्हता तेव्हासुद्धा म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खिडकीकडे पाहिलं. शुगरमुळे पायाची जाणीव गेली आहे, असं त्यांनी नंतर शांतपणे समजावलं. रोज ड्रेसिंग, रोज दोन्ही पाय तपासायचे, अनवाणी चालणं बंद आणि जखम भरेपर्यंत गाडीही बंद.

"आन भरल्यावर?" ह्यांनी विचारलं.

"तेव्हा बघू," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवसापासून घरात जे सुरू झालं ते मला सहन होईना. जीप हीच ह्यांची चालती-बोलती दुनिया होती. सकाळी रानात चक्कर, येताना कुणाच्या चाऱ्याचे भारे, कुणाच्या लेकीला बारामतीच्या एसटी स्टँडवर सोडायचं, कुणाला दवाखान्यात न्यायचं. आमच्या गावात, अंथुर्ण्यात, कुणाचं काही अडलं की आमच्या दारात येऊन हाक मारायची, हे ठरलेलं. गाळप सुरू झालं की माळेगावला जायचं, कारखान्याच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर जुन्या सोबत्यांबरोबर बसायचं आणि आता बॉयलर नीट चालवायची अक्कल कुणाला राहिली नाही यावर सगळ्यांचं एकमत करून घरी यायचं. आता हे नुसते ओट्यावर बसून. शेजारचे तात्या मोटरसायकलवर रानात न्यायला आले, तर म्हणाले, "मी काय पोतं हाय व्हय मागं टाकून न्यायला?" मग तात्याही येईनासे झाले.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई. वर्ग गप्प बसला की मला बरं वाटायचं. पण ज्या माणसाच्या बडबडीला मी जन्मभर वैतागले, तो गप्प बसल्यावर मला इतका संताप येईल असं वाटलं नव्हतं. जेवण कसं झालंय विचारलं तर "हूं." बातम्या लावू का विचारलं तर "हूं." माणूस डोळ्यांदेखत कमी कमी होत होता. जीप परत मिळाली तर हा माणूस परत मिळेल, नाहीतर ह्या ओट्यावरच संपेल, असं मला स्वच्छ दिसत होतं.

एक दिवस मिस्त्री ख्यालीखुशाली विचारायला आले. ह्यांच्या पायाची पट्टी पाहून ते खजील झाले. "बाई, चूक माजी बी हाय. नळ्या जरा लांबून घेयाला पायजे हुत्या," म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "त्याला हीट रॅप लावू. शहरातली पोरं गाड्यांना लावत्यात. काचंच्या धाग्याची पट्टी आसती, वल्ली करून नळीला गच गुंडाळायची. आच नळीतच ऱ्हाती, भाईर येत न्हाय."

हे ताठ बसले. "म्हंजी लॅगिंग!"

कारखान्यात वाफेच्या पाइपांना काचेची लोकर गुंडाळतात, वाफेची उष्णता वाटेत वाया जाऊ नये म्हणून. त्याला लॅगिंग म्हणतात आणि ह्यांनी ते जन्मभर करून घेतलं होतं. "लॅगिंग हाय की हे! मला काय शिकिवतोय?" असं ते मिस्त्रींवर जवळजवळ खेकसले आणि मला इतका आनंद झाला की मी मिस्त्रींना दुसरा चहा न विचारताच आणून दिला.

अडचण एकच होती. उसाचा सीझन. मिस्त्रींच्या दारात ट्रॅक्टरांची रांग लागलेली, त्यांना दिवसभर बसायला सवड नव्हती. त्यांनी तोडगा काढला. हेडर खोलून आमच्या ओट्यावर ठेवतो, तुम्ही पट्टी गुंडाळून ठेवा, बसवायला मी येईन. पट्टी मी फोनवरून मागवली. बारामतीहून कुरिअरने आली. दोन बोटं रुंद, तपकिरी रंगाची, हाताला सुती नाड्यासारखी लागणारी, आणि सोबत बांधायला पोलादी पट्ट्यांची जुडी. ह्यांनी खोकं उघडून वास घेतला आणि समाधानाने मान हलवली.

गुंडाळायच्या दिवशी मी साडीवर ह्यांचा कारखान्यातला जुना लांब बाह्यांचा शर्ट चढवला, तोंडाला रुमाल बांधला, हातमोजे घातले. मला पाहून हे किती दिवसांनी हसले. स्वतः मात्र हातमोजे घालायला तयार नाहीत. "काचंची लोकर हातानं तुडीवलीया मी." बरं म्हटलं. थोड्याच वेळात मनगटं लाल झाली. उसात शिरल्यावर अंगाला कुसं लागतात आणि मग नुसती खाज, खाज, तशी गत. मग हे हात धुऊन आले आणि गुपचूप हातमोजे घालून बसले.

पट्टी बादलीत भिजवली. ह्यांनी तो हेडर दोन गुडघ्यांत धरला आणि मी इंजिनाकडच्या टोकापासून सुरुवात केली. आधीच्या वेढ्यावर पुढचा वेढा निम्मा चढवायचा, ताण सुटू द्यायचा नाही, वळणावर आतल्या बाजूला पट्टीची घडी पडू द्यायची नाही. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. रोज सकाळी ह्यांच्या टाचेवरून घोट्यापर्यंत मी हेच करत होते. मी वेढे घेत होते आणि हे नळी फिरवत होते. पहिली नळी इतकी सुबक झाली की आम्ही दोघं तिच्याकडे पाहत बसलो.

मग ह्यांच्यातला बॉयलरवाला जागा झाला. "आता दुसरा थर."

"मिस्त्री एकच म्हणालेत."

"मिस्त्रीला वाफंचं काय म्हाईत? आमच्या लाइनीवर चार बोटं जाड लॅगिंग आसायचं. ही चिंधी काय करणार हाय?"

"अहो, ही चिंधी नाही आणि ही लाइनपण नाही."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

एरवी मी हे ऐकून घेतलं नसतं. पण इतक्या दिवसांनी माणूस भांडत होता. आवाज चढवून, हातवारे करून, जुन्या चीफ इंजिनिअरचे दाखले देऊन भांडत होता. मला ते भांडण जिंकायचंच नव्हतं. मी आणखी पट्टी मागवली. ती आल्यावर दुसरा थर दिला, त्यावर तिसरा दिला, नटबोल्टांच्या पार काठापर्यंत गच्च गुंडाळून टाकलं. चारही नळ्या थंडीत गोधड्या पांघरून बसल्यासारख्या दिसायला लागल्या. ह्यांनी त्यांच्यावर थाप मारली आणि "ह्याला म्हणत्यात काम," म्हणाले.

मिस्त्री आले, हेडर उचलून जीपखाली शिरले आणि बराच वेळ नुसती खुडबूड ऐकू येत राहिली. बसेना. स्टिअरिंगचा दांडा एका बाजूला घासत होता, आणि जिथे नट पिळायचे तिथे पाना शिरायलाच जागा नव्हती. शेवटी मिस्त्री बाहेर आले, जमिनीवर बसले आणि पोट धरून हसले. "आबा, ही जीप हाय. कारखाना न्हाय!"

ह्यांचा चेहरा लालेलाल झाला. झालं, मी मनात म्हटलं, आता हा माणूस परत ओट्यावर जाणार आणि "हूं"वर येणार. पण हे उठले, चालत जीपपाशी गेले, बॉनेटमध्ये वाकून हाताने जागा चाचपली आणि म्हणाले, "सोड. समदे थर सोड, एकच ठेव. पण पायाकडच्या नळीवर मला दोन पायजेत. तितं मी ऐकायचा न्हाय."

मिस्त्रींनी बोट घालून अंदाज घेतला. "बसंल," म्हणाले.

वाळलेली पट्टी सोडताना तिची जी भुकटी उडाली, त्याची खाज मला दोन दिवस पुरली. पुन्हा भिजवली, पुन्हा गुंडाळली. ह्या वेळी नटांपाशी जागा सोडली. पायाकडच्या नळीला मात्र ह्यांनी स्वतः हात घातला. माझा वेढा सैल पडला म्हणून तो सोडायला लावला आणि त्याची टोकं पोलादी पट्टीने स्वतः आवळली. एवढं कौतुक ह्यांनी आमच्या घराच्या पायाभरणीचंही केलं नव्हतं.

दरम्यान जखम भरली. बारामतीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी टाच दाबून पाहिली, नवी कातडी पाहिली, शाबासकी दिली. पट्टी माझी, शाबासकी ह्यांना, पण ते असो. पहिल्या दिवसानंतर ह्यांनी डॉक्टरांना गाडीचं कधी विचारलं नव्हतं, त्या दिवशीही विचारलं नाही. मला वाटलं, परवानगी मिळाल्यात जमा धरली असेल. मीही विचारलं नाही. "नाही" ऐकायची माझी तयारी नव्हती, हे खरं कारण.

हेडर बसला आणि मिस्त्रींनी जीप सुरू केली. पहिल्यांदा धूर येतो, थोड्या वेळात थांबतो, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. धूर आला तो असा आला की अंगण दिसेना. आमच्याकडे सीझनमध्ये धूर दिसला की काळजात धस्स होतं, कुणाचा तरी उसाचा फड पेटला असं पहिलं मनात येतं. शेजारचे तात्या "पेटली, जीप पेटली!" म्हणून ओरडत भरलेली बादली घेऊन कुंपण ओलांडून आले. तापलेल्या नळीवर गार पाणी पडलं असतं तर सगळ्या मेहनतीचं वाटोळं झालं असतं. मी दोन्ही हात पसरून बॉनेटसमोर उभी राहिले आणि अर्धी बादली माझ्या साडीवर रिकामी झाली. तात्या शरमिंदे, मी चिंब, मिस्त्री हसतायत आणि हे सगळ्यांच्या वरताण हसतायत. धूर काही थोड्या वेळात थांबला नाही, चांगला तासभर चालला. पण थांबला. मिस्त्री ट्रॅक्टरांकडे परत गेले.

इंजिन चांगलं तापेपर्यंत जीप तशीच चालू ठेवली होती. हे ड्रायव्हरच्या सीटवर चढले, चपला काढल्या, सीटखाली टाकल्या आणि उजवा पाय पत्र्यावर ठेवला.

"गार हाय बघ," म्हणाले. "एकदम गार."

मला काय झालं कुणास ठाऊक. मी ओल्या साडीत उभी होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या दिवशी पण गारच लागला होता तुम्हाला!"

ह्यांनी हात पुढे करून जीप बंद केली. मला वाटलं, जीभ हासडून घ्यावी. इतक्या दिवसांचं सगळं मी एका वाक्यात घालवलं होतं. समोर काचेतून बघत हे हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी येताना कालव्याच्या पुलावर यष्टी आडवी आली. म्या ब्रेक दाबला. गाडी थांबली. पन पाय ब्रेकवर हाय का न्हाय, ते मला खाली वाकून बघावं लागलं. तवाच कळलं मला. फोड तू मागनं बघितलास."

म्हणजे ह्यांना सगळं माहीत होतं. ओट्यावरच्या पहिल्या संध्याकाळपासून माहीत होतं. जखम भरली तरी जीप चालवायची नाही, हे ह्यांनी डॉक्टरांच्या आधी ठरवलं होतं, आणि ते गिळून बसले होते. मी समजत होते की माणूस रुसलाय.

"मग हे सगळं कशासाठी?" मी विचारलं. "थरांवरून एवढं भांडलात ते कशासाठी?"

हे खाली उतरले. चपला घातल्या. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुजा पाय भाजंल म्हणून."

मी गाडी चालवत नाही असं सगळ्या गावाला वाटतं, ते तितकंसं बरोबर नाही. नोकरीत असताना बारामतीच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले होते, लायसन्स काढलं होतं, आणि मुदत संपली की नेमाने वाढवतही आले होते. पण ह्यांच्या शेजारी बसून चालवायची म्हणजे दर गिअरला एक व्याख्यान. एकदा भर रस्त्यात जीप उभी केली, किल्ली ह्यांच्या मांडीवर टाकली आणि "तुमची गाडी तुम्हालाच लखलाभ" म्हणून चालत घरी आले. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नव्हता. ह्यांनीही कधी लाव म्हटलं नव्हतं.

आता ह्यांनी किल्लीकडे बोट दाखवलं आणि डाव्या बाजूने जाऊन सीटवर चढून बसले. माझ्या जागेवर. पट्टा लावला. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, दोन्ही एकदम. साडी बदलायचंही सुचलं नाही. चपला मी मुद्दाम काढल्या. पत्र्याची परीक्षा घ्यायची तर पाय उघडाच हवा होता.

पहिल्यांदा जीप गचका देऊन बंद पडली. दुसऱ्यांदा निघाली. अंगणातून बाहेर, वेशीवरून, कालव्याच्या कडेने रानाकडे. पुढे उसाची बैलगाडी होती. मला ती ओलांडायचं धाडस होईना, तेव्हा बैलांच्या चालीने आम्ही तिच्या मागे मागे गेलो. ह्यांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्डची मूठ धरून ठेवली होती आणि तोंड दाबून धरलं होतं. ते त्यांना किती जड जात होतं ते मला न बघताही दिसत होतं. शेवटी सुटलंच, "क्लच! अगं क्लच!"

"मला कळतंय!" मी ओरडले.

"कळतंय तर दाब की!"

मी दाबला. बैलगाडी उजवीकडच्या पाणंदीला वळली आणि समोरचा रस्ता मोकळा झाला. पायाखालचा पत्रा सकाळच्या उन्हातल्या फरशीइतका कोमट होता, बस. मी तिसरा गिअर टाकला. रानाच्या बांधापर्यंत गेलो. हे उतरले, पाचटातून चालत उसाच्या कडेपर्यंत जाऊन आले, दोन कांड्या मोडून आणल्या. परत येताना वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला हात करत होते आणि ओरडून सांगत होते, "बाई चालिवत्यात! बाजूला व्हा!"

दारात जीप उभी केली. मी खाली उतरणार तोच हे वळसा घालून माझ्या बाजूला आले.

"पाय दाव."

"अहो, काही झालं नाही."

"दाव म्हणतो न्हवं."

जीपचा आवाज ऐकून तात्या पुन्हा कुंपणापाशी येऊन उभे होते, हातात तीच बादली. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी माझ्या पायाला हात लावल्याचं मला आठवत नाही. आमच्यात नवरे बायकोच्या पायाला हात लावत नाहीत. चुकून लागला तर बायकोच वाकून नमस्कार करते. "लोक बघतायत," मी म्हटलं. ह्यांनी ऐकलं नाही. जीपच्या पायरीपाशी खाली बसले, माझी उजवी टाच तळहातावर घेतली आणि अंगठा फिरवून फिरवून पाहिली. हातांना अजून सगळं कळत होतं. किती तरी वेळ त्यांनी ती तशीच धरून ठेवली, आणि मी सोडवून घेतली नाही.

"न्हाय भाजला," म्हणाले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. "उद्या माळेगावला जाऊ. सकाळी लवकर निगू. तू लई हळू चालिवतीस."